पॉप-अप कॅम्परसाठी हिच: काय लावलं, काय नाकारलं आणि काय निम्मंच पटलं

हिच म्हणजे गाडीमागे कॅम्पर ओढण्यासाठीची सगळी जोडणी. आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. दोन इंची रिसीव्हर (गाडीच्या मागे खाली बसणारी चौकोनी नळी), तिच्यात सरकवायचा, दोन इंच ड्रॉपचा म्हणजे बॉल तेवढा खाली आणणारा साधा पोलादी बॉल माउंट, एक इंच जाडीच्या दांड्याचा दोन इंची बॉल, टेकोन्शा कंपनीचा प्रॉडिजी पी३ ब्रेक कंट्रोलर (कॅम्परचे ब्रेक गाडीतून चालवणारा) आणि सात पिनांचं वायरिंग, हा आमचा सेटअप. वेट डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे भार वाटून देणारी हिच नाकारली. स्वे बार, म्हणजे कॅम्परचं झुलणं कमी करणारा दांडा घेतला, पण तो मला निम्माच पटला आहे. यातली एकही वस्तू दिसायला भारी नाही, आणि पार्किंगमध्ये कुणी थांबून विचारावं असं तर काहीच नाही.

गाडी तीन रांगांची एसयूव्ही आहे. माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ५,००० पौंड. कॅम्पर एका ॲक्सलचा (एकाच चाकजोडीचा), कापडी भिंतींचा, मिटवला की मागच्या काचेतून त्याच्या छतावरून रस्ता दिसतो इतका बुटका. कोरडं वजन २,३०० पौंड, कमाल वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर ३,३०० पौंड. हे आकडे ऐकून ओळखीतले एक काका म्हणाले, "अगं, पाच हजार ओढणारी गाडी आहे ना तुझी? मग कसला हिशोब करत बसलीस?" काकांनी आयुष्यभर पिकअप ट्रक चालवला आहे, त्यामुळे त्यांच्यापुरतं ते बरोबरच. एसयूव्हीवाल्यांनी मात्र हिशोब करावाच. आणि तो पाच हजारांपासून सुरूच होत नाही.

तो सुरू होतो ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर दिसणाऱ्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरपासून. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या गाडीचा तो आकडा १,२४० आहे. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही तो वेगळा असू शकतो, कारण सनरूफ, मोठी चाकं, जास्तीच्या सीट हे सगळं त्यातून वजा झालेलं असतं. म्हणून इंटरनेटवर शोधू नका, स्वतःच्या दारात वाकून वाचा. कॅम्परचं जेवढं वजन बॉलवर टेकतं, ते टंग वेट, गाडीच्या दृष्टीने सामानच असतं. त्यामुळे ते याच आकड्यातून जातं.

आमचा हिशोब असा: चार माणसं ५६० पौंड. डिकीतलं सामान आणि कूलर, हात आखडून, २०० पौंड. गाडी घेतल्यावर बसवून घेतलेला रिसीव्हर आणि बॉल माउंट मिळून ५० पौंड. टंग वेट ३५० पौंड. बेरीज १,१६०. उरले ८०. ओढण्याच्या क्षमतेत दोन हजारांची ऐसपैस जागा दिसत होती, आणि पेलोडमध्ये, म्हणजे स्टिकरवरच्या त्या आकड्यात, उरले फक्त ८० पौंड! छतावर दोन सायकली आणि त्यांचा रॅक चढवला की तेही जवळजवळ संपले. हिचची निवड या ८० पौंडांत बसवायची होती. पुढचं जे काही लिहिते आहे ते सगळं त्यावरूनच ठरलं.

टंग वेट ३५० कुठून आलं, तेही सांगते. कंपनीच्या कागदावर ते २३० आहे. तो आकडा कोरड्या कॅम्परचा: बॅटरी नाही, गॅस नाही, पाणी नाही. पॉप-अपमध्ये बॅटरी आणि गॅसचं सिलिंडर नेमकं पुढच्या त्रिकोणी फ्रेमवर, बॉलच्या जवळ बसवतात, त्यामुळे त्यांचं बहुतेक सगळं वजन थेट बॉलवर येतं. २० पौंडांचं भरलेलं सिलिंडर म्हणजे टाकीसकट साधारण ३७ पौंड. साधी डीप सायकल बॅटरी पंचेचाळीस-पन्नास पौंड. त्याच्यामागे आमच्या कॅम्परला सामानाची पेटी आहे, आणि पेटी दिली की माणूस ती भरतोच. पाण्याची टाकी २० गॅलनची, भरली की १६७ पौंड; ती ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, हे कॅम्परखाली वाकून एकदा बघून ठेवा. पुढे असेल तर टंग वेट वाढतं, मागे असेल तर घटतं. आम्ही टाकी रिकामीच नेतो, मुक्कामी पोचल्यावर भरतो.

कागदावर विसंबायचं नसेल तर मोजायची युक्ती सोपी आहे. घरातला वजनकाटा बहुतेक वेळा तीनशेच्या आसपास हात टेकतो, म्हणून मध्ये फळी घालायची. फळीच्या एका टोकाखाली वीट, तिच्यावर पाइपचा तुकडा. दुसऱ्या टोकाखाली काटा, त्याच्यावरही तसाच तुकडा. दोन पाइपांमधलं अंतर बरोबर तीन फूट ठेवायचं. कॅम्परचा जॅक विटेच्या पाइपपासून एक फुटावर, म्हणजे काट्यापासून दोन फुटांवर, फळीवर टेकवायचा. काट्यावर दिसेल त्याच्या तिप्पट वजन. चाकांना आधी दोन्ही बाजूंनी अडण्या लावा, आणि कॅम्पर प्रवासाला निघताना जितका भरलेला असतो तितका भरून, सपाट जमिनीवर मोजा. जॅक कपलरच्या (बॉलवर बसणाऱ्या कॅम्परच्या पुढच्या टोकाच्या) थोडा मागे असतो म्हणून आकडा किंचित जास्त येतो, तेवढं चालतं. आमचा काटा ११७ वर थांबला. एकूण वजन ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर केलं, ते २,९५० आलं. म्हणजे टंग वेट बारा टक्क्यांच्या जवळ. दहा ते पंधरा टक्के हा सर्वमान्य पट्टा आहे, त्यात बसलं.

दहाच्या खाली का जाऊ नये, याला फार भौतिकशास्त्र लागत नाही. बैलगाडीत मागे पोती जास्त लादली की गाडी उलाळते, तसाच प्रकार. ट्रेलर मागे जड झाला की त्याचं शेपूट हलायला लागतं, आणि वेग वाढेल तशी ती हेलकावणी वाढत जाते. पॉप-अपच्या मागच्या बंपरवर सायकली लटकवणारी मंडळी दिसली की मी लेन बदलते.

आता एकेक वस्तू.

रिसीव्हर. क्लास एक म्हणजे २,००० पौंड आणि सव्वा इंची भोक, क्लास दोन म्हणजे ३,५०० पौंड आणि तेही बहुधा सव्वा इंची, क्लास तीन म्हणजे दोन इंची भोक आणि ५,००० ते ८,००० पौंड. कागदावर आमचं काम क्लास दोनवर भागलं असतं. तरी क्लास तीनच घेतला, कारण टंग वेटची मर्यादा बहुधा एकूण वजनाच्या एक दशांश असते. क्लास दोनला ३५० पौंड. आमचं टंग वेट बरोबर तिथेच जाऊन भिडतं. शिवाय दोन इंची भोकाचे बॉल माउंट, कुलपं, रॅक कुठेही मिळतात. सव्वा इंचावरून दोन इंचावर नेणारे अडॅप्टर मिळतात, पण ते क्षमता खातात आणि बॉलला मागे ढकलतात. बॉल मागच्या चाकांपासून जितका दूर, तितकी तरफ मोठी. एक्स्टेंशन ट्यूबचंही तेच. बऱ्याच उत्पादकांच्या सूचनांत एक्स्टेंशन लावल्यावर क्षमता निम्मी धरायला सांगितलेली असते.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. क्लास तीनचा रिसीव्हर लावल्याने गाडी क्लास तीनची होत नाही. गाडी, रिसीव्हर, बॉल माउंट, बॉल, कपलर, या साखळीत ज्याचा आकडा सर्वांत कमी, तोच तुमचा आकडा. रिसीव्हरवरच्या लेबलवर अनेकदा दोन ओळी असतात: एक नुसतं वजन पेलण्याची, दुसरी वेट डिस्ट्रिब्यूशन लावल्यावरची. विक्रेते दुसरी, मोठी ओळ वाचून दाखवतात. तुम्ही पहिली वाचा.

आमचा रिसीव्हर कर्ट कंपनीचा आहे. गाडीच्या चौकटीतल्या आधीच असलेल्या भोकांत बसला, कुठे ड्रिल मारावं लागलं नाही. बंपरच्या खालच्या प्लास्टिकला थोडा काप द्यावा लागला, तो खाली वाकल्याशिवाय दिसत नाही. मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून गेल्याने वेल्डच्या कडांना तांबूस छटा आली आहे. आतून थोडं ग्रीस लावून, रबरी झाकण बसवून ठेवते. याच्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही, आणि रिसीव्हरबाबत ही स्तुतीच समजा.

बॉल माउंट ही मात्र या सगळ्यातली सर्वांत स्वस्तात घेतली जाणारी आणि सर्वांत जास्त चुकणारी वस्तू. दुकानात हुकवर टांगलेला पहिला दिसेल तो उचलतात. त्याचा ड्रॉप किती हवा, हे तुमच्या गाडीच्या आणि कॅम्परच्या उंचीवर ठरतं, आणि त्याला दहा मिनिटं आणि मोजपट्टी पुरते. सपाट जागी, रिकाम्या गाडीच्या रिसीव्हरच्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत जमिनीपासून माप घ्यायचं. आमचं साडेअठरा इंच. मग कॅम्परच्या फ्रेमवर पाणसळ ठेवायची, जॅक वरखाली करून बुडबुडा मध्ये आणायचा आणि कपलरच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं. ते सोळा इंच. फरक अडीच. पण कॅम्पर जोडल्यावर गाडीचा मागचा भाग साधारण इंचभर बसतो, म्हणून अडीचऐवजी दोनचा ड्रॉप घेतला. जोडल्यावर कॅम्परचं नाक अर्धा इंच खाली राहतं, आणि तेच हवं. नाक वर राहिलं तर वजन मागे सरकतं, टंग वेट घटतं, मागचे स्टॅबिलायझरचे पाय रस्त्याच्या जवळ येतात आणि पेट्रोल पंपाच्या उतारावर घासतात.

भोकं पाडलेला, उंची बदलता येणारा ॲल्युमिनियमचा बॉल माउंट दिसायला सुंदर असतो. ज्यांच्याकडे दोन-तीन उंचीचे ट्रेलर आहेत त्यांनी तो घ्यावा. एकच कॅम्पर असेल तर ठोकळ्यासारखा पोलादी बरा. आणखी एक मोजायचं असतं, ते कुणी सांगत नाही: एसयूव्हीचं मागचं दार वर उघडताना कॅम्परच्या जॅकच्या मुठीला लागतं का? आमचं निसटतं, हाताची दोन बोटं मावतील एवढ्या अंतराने. लांब दांड्याच्या माउंटने ते अंतर वाढलं असतं, पण वर सांगितलेली तरफही वाढली असती. म्हणून मूठ काढता येणारा जॅक बसवला आणि आखूड माउंटच ठेवला.

बॉल. कपलरवर आकडा कोरलेला असतो: १-७/८, २ किंवा २-५/१६ इंच. पॉप-अपला बहुधा दोन. १-७/८चा बॉल दोन इंची कपलरमध्ये बसतो, कुलूप लागतं, सगळं ठीक वाटतं आणि एखाद्या खड्ड्यात कपलर उडून बाहेर येतो. जुन्या, उसन्या माउंटवर आधीच बसवलेला बॉल असेल तर वरचा आकडा वाचल्याशिवाय जोडू नका. दांड्याची जाडीही बघा. पाऊण इंची दांड्याचे दोन इंची बॉल साधारण ३,५०० पौंडांपर्यंतचे असतात, एक इंची दांड्याचे त्याहून बरेच वरचे. आम्ही एक इंची घेतला. त्याच्या नटाला २५० फूट-पौंड टॉर्क (आवळण्याचा जोर) द्यायचा असतो, आणि घरातला टॉर्क पाना बहुधा दीडशेवर संपतो. "मी दाबतो ना पूर्ण जोर लावून," असं नवरा म्हणाला. जोर टायरवाल्याकडच्या मोठ्या पान्याने लावून घेतला.

आता वेट डिस्ट्रिब्यूशन. ज्या विक्रेत्याकडून कॅम्पर घेतला, त्याने ती आम्हाला न विचारताच अंदाजपत्रकात घातली होती. विचारलं तर उत्तर आलं, "सगळेच घेतात." ही हिच काय करते, तर दोन स्प्रिंगचे बार ताणून, मागे बसलेली गाडी पुन्हा सावरते, मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढच्या ॲक्सलवर आणि काही कॅम्परच्या चाकांवर परत जातो. उपयोग खरा आहे. बॉलवर ३५० पौंड टेकले म्हणून मागच्या ॲक्सलवर ३५०च वाढतात असं नसतं. आमच्या गाडीत मागच्या ॲक्सलपासून बॉल चार फूट मागे आहे आणि दोन ॲक्सलमधलं अंतर साडेनऊ फूट. म्हणजे पुढची चाकं दीडशेच्या आसपास पौंडांनी हलकी होतात आणि तो भारही मागेच जातो. मागे एकूण पाचशे. स्टीअरिंग हलकं लागतं, आणि पुढचे दिवे वर उचलले गेल्याने रात्री समोरून येणारे आपले दिवे लुकलुकवतात, ते यामुळे. पाच-सहा हजार पौंडांचा, भिंतींचा उंच ट्रेलर असता तर मी डोळे मिटून ही हिच घेतली असती.

पण इथे तीन गोष्टी आड आल्या. पहिली, आमच्या गाडीच्या पुस्तिकेत ती वापरू नका असं स्पष्ट लिहिलं आहे. काही गाड्यांच्या पुस्तिकांत ठरावीक वजनापुढे ती लावाच असं असतं, काहींत लावूच नका असं असतं. पुस्तिका वाचल्याशिवाय यावर मत देणाऱ्याचं ऐकू नका, माझंसुद्धा. दुसरी, स्प्रिंग बारचे कंस कॅम्परच्या त्रिकोणी फ्रेमवर जिथे आवळायचे, तिथे आमच्याकडे गॅसचं सिलिंडर आणि सामानाची पेटी आहे. शिवाय पॉप-अपची फ्रेम हलकी असते, बार ताणले की तिच्यावर वाकवणारा जोर येतो. कॅम्परच्या उत्पादकाची त्याला हरकत आहे का, हे आधी बघावं लागतं. तिसरी म्हणजे ते ८० पौंड. या हिचचं डोकं आणि बार हीच एक लोखंडी जड वस्तू असते, आणि तिचं वजनही गाडीच्याच खात्यात पडतं. ती काही भार पुढे-मागे वाटते, पण गाडीची वजन पेलण्याची मर्यादा वाढवत नाही. विक्रेत्याला पुस्तिकेचं पान दाखवलं तेव्हा त्याने तो आयटम गुपचूप खोडला.

चाकांच्या कमानींची उंची जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर मोजली. पुढे अर्धा इंच उचल, मागे सव्वा इंच बसणं. या आकड्यांवर मी निवांत आहे.

पैसे खर्च करायचे तर ते ब्रेक कंट्रोलरवर करा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात; कॅलिफोर्नियात कॅम्परसाठी ही मर्यादा १,५०० पौंड आहे. कायदा काहीही म्हणो, घाटाच्या उतारावर मागून तीन हजार पौंड ढकलत असताना एकट्या गाडीच्या ब्रेकवर विसंबणं मला मान्य नाही. आमच्या कॅम्परला इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक आहेत. कंट्रोलर दोन जातींचे: एक ठरावीक वेळेनुसार चालणारा, दुसरा गाडीचं मंदावणं ओळखणारा. पहिला तुम्ही पेडल किती जोरात दाबलंय याचा विचारच करत नाही, ठरलेल्या गतीने ठरलेल्या जोरापर्यंत जातो. सिग्नलपाशी हळू थांबतानाही मागून हिसका बसतो. दुसरा, म्हणजे प्रपोर्शनल, गाडी जितक्या जोरात मंदावते तितकाच ब्रेक मागे लावतो. पी३ हा दुसऱ्या जातीचा.

बसवायला चारच तारा: काळी बॅटरीकडे, पांढरी अर्थिंगला, लाल ब्रेक लाइटच्या स्विचला, निळी मागच्या सात पिनांच्या सॉकेटकडे. मध्ये २० अँपिअरचा ब्रेकर. गाडीला टो पॅकेज (कंपनीनेच केलेली ओढण्याची तयारी) असेल तर डॅशबोर्डखाली तयार सॉकेट मिळू शकतं. आमच्या गाडीला मागे फक्त चार पिनांचं चपटं सॉकेट होतं, त्यात दिवे आहेत पण ब्रेकची तार नाही, म्हणून बॅटरीपासून मागेपर्यंत नवीन तार ओढून घेतली. सात पिनांचा जास्तीचा फायदा असा की चालत्या गाडीत कॅम्परची बॅटरी थोडीफार चार्ज होत राहते.

सेटिंग हे एकदाच करून विसरायचं काम नव्हे. मोकळ्या, सपाट, कोरड्या डांबरी जागेवर ताशी २५ मैलांच्या आसपास जायचं आणि पायाने काही न दाबता कंट्रोलरची छोटी कळ हाताने पूर्ण सरकवायची. कॅम्परची चाकं घासली, किंचाळली, तर पॉवर कमी करा. नुसती पाठीला सुस्त ओढ लागली तर वाढवा. चाकं अडकण्याच्या जरासं खाली आकडा आला की झालं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आकडा दिसतो, आणि प्लग निघाला किंवा तार शॉर्ट झाली तर तेही दिसतं. एकदा एका कॅम्पग्राउंडबाहेर सॉकेटमधला चिखल त्यामुळेच कळला. बूस्टच्या, म्हणजे सुरुवातीलाच ब्रेक जास्त जोराने लावण्याच्या, तीन पायऱ्या आहेत. आमच्या वजनाला पहिली पुरते, दुसरीवर हलका हिसका जाणवतो. गाडी बंद ठेवून कळ दाबली तर मागे चाकांजवळ उभ्या माणसाला चुंबकांचा घुंऽऽ आवाज ऐकू येतो. निघताना मुलगी तो ऐकून अंगठा दाखवते.

तक्रार एकच: खोका मोठा आहे आणि गुडघ्याला लागू शकतो. तरीही तो हाताच्या टप्प्यातच बसवा, लपवू नका. कॅम्पर झुलायला लागला तर ब्रेक पेडल जोरात दाबायचं नसतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि त्या कळेने फक्त कॅम्परचा ब्रेक लावायचा. त्या क्षणी डॅशबोर्डखाली चाचपडत बसायला वेळ नसतो.

स्वे बार म्हणजे कॅम्परची फ्रेम आणि बॉल माउंट यांच्यामध्ये तिरका लावलेला, घर्षणाने वळणाला विरोध करणारा दांडा. त्याला दोन्ही टोकांना छोटे बॉल लागतात, माउंटच्या बाजूला एक जास्तीचा कान बसवावा लागतो. मोठे ट्रक शेजारून जाताना जो धक्का बसतो, तो याने नक्की कमी होतो. उघड्या माळरानावर आडवं वारं असेल तेव्हा मी तो लावते. पण मागे घेताना काढावा लागतो, नाहीतर तीव्र वळणात तो वाकतो. ओल्या, निसरड्या रस्त्यावर ढिला ठेवायचा असतो. आणि वरची मूठ ही फक्त चालू-बंद करायची आहे, घर्षण कमी-जास्त करायचा बोल्ट वेगळा. सूचनांचा कागद नीट न वाचता मूठच कमी-जास्त आवळणारे मी पाहिलेत. पाचपैकी तीन तारे. चुकीचं लादलेलं सामान याच्या भरवशावर ओढू नये, एवढंच.

साखळ्यांबद्दल थोडक्यात: कपलरखाली एकमेकींवरून फुलीसारख्या घ्यायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर त्या झोळीत पडेल, रस्त्यावर नाही. ब्रेकअवेची (कॅम्पर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) बारीक केबल साखळीला नव्हे, गाडीच्या रिसीव्हरला वेगळी अडकवायची. कुलूप लागल्यावर जॅक दोन-चार वेळा फिरवून गाडीचा मागचा भाग उचलला जातो का बघायचं. उचलला तर कपलर खरंच बॉलवर बसला आहे.

दोन इंची रिसीव्हरमध्ये माउंट थोडा सैल असतोच, आणि रिकामा असताना तो खडखडतो. त्यासाठी यू आकाराची क्लॅम्प लावली आहे, दोन बोल्टची. तिने आवाज जवळपास गेला. कुलपाची पिन ५/८ इंची घेतली. पहिलं कुलूप धुळीने वर्षभरात अडकलं, आताच्या कुलपाला रबरी टोपी आहे. कॅम्पर १,५०० पौंडांच्या खालचा, ब्रेक नसलेला, आणि गाडी छोटी असेल तर माझ्या यादीतलं निम्मं तुम्हाला लागणार नाही. दाराचा स्टिकर, पाणसळ आणि फळी-वजनकाटा मात्र लागेल.